नाव-गाव नसलेला पाहुणा

सावरटोला, मार्गे आरमोरी, जिल्हा चांदा
१४ जुलै १९५७

तीर्थरूप भाऊ,

साष्टांग नमस्कार. अक्षर ओळखलं असेलच, तरी पाकीट न वाचता टोपलीत टाकू नका. आत माझं एकच पान आहे. बाकीची नऊ पानं माझी नाहीत.

तुम्ही मिळवून दिलेली नागपूरच्या मुलींच्या शाळेतली नोकरी नाकारून मी इकडे निघाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्या रानात इंग्रजी कोणाला शिकवणार? मोहाच्या झाडांना?" मी म्हणाले, "झाडं निदान टोमणे तरी मारत नाहीत." त्यानंतर दोन वर्षं तुम्ही बोलला नाहीत आणि मीही नाक वर करून राहिले. आपल्या कोष्ट्यांच्या घरात सूत तुटलं तर कोणी रुसून बसत नाही, गाठ मारतात आणि माग पुढे चालवतात. आपल्या दोघांना तेवढंही जमलं नाही. असो. माफी मागायला हे पत्र नाही. काम आहे, आणि ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

आमच्या शाळेचा पहिला मॅट्रिकचा वर्ग यंदा परीक्षेला बसतो आहे. आठ मुलगे आणि रंभा. डोक्याने सगळे तल्लख, इंग्रजीत सगळे गार. मी आले तेव्हा त्यांनी एका गाइडमधला समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीचा निबंध पाठ केलेला होता. घडघडा म्हणायचे. एक दिवस कोलूनं विचारलं, "बाई, हा समुद्र आपल्या वैनगंगेयेवढा असते का?" मी ते गाइड मिटलं ते मिटलंच. ज्यानं समुद्र पाहिला नाही त्यानं त्यावर खोटं लिहायचं, तेही परक्या भाषेत, म्हणजे दोन ओझी एका डोक्यावर. वर्गात मी फर्मान काढलं की आजपासून खोटं काही लिहायचं नाही. खऱ्या माणसाला खरी पत्रं लिहायची.

आता खरा माणूस आणायचा कुठून? इथे इंग्रजी वाचणारे आम्ही दोघंच, मी आणि हेडमास्तर. हेडमास्तरांचं इंग्रजी तुम्ही पाहू नये हेच बरं. म्हणून तुम्ही. नागपुरात कॉलेजात एक प्राध्यापक आहेत, ते चुकीला सोडत नाहीत पण पत्रही सोडत नाहीत, असं मी सांगून ठेवलं आहे. यातलं दुसरं खरं करणं तुमच्या हातात.

इंग्रजी गेलं की मॅट्रिक गेलं, हे तुम्हाला मी काय सांगू. रंभाचे वडील रामाजी मला तोंडावर म्हणाले, "बाई, एक डाव बसवतो पोरीले. दुसऱ्यांदा नाई. घरी भाताचा रोवना कोन करनार?" कोलू गोंडाचा, रानातल्या दहा घरांच्या टोल्यावरचा. पास झाला तर चांद्याला मास्तरकीच्या शिक्षणाला जाईल. त्याच्या टोल्यात शिकलेला माणूस आजवर झालेला नाही.

पत्रं त्यांनी लिहिली आहेत, मी नाही. उत्तर त्यांना द्या.

तुमची
कमळा


५ सप्टेंबर १९५७

तीर्थरूप भाऊ,

नऊ पत्रं परत आली. लाल शाईनं रंगलेली. पाकिटात मी तीनदा हात घालून पाहिला, माझ्यासाठी चिठोरंसुद्धा नव्हतं. बरं, हरकत नाही. मी तसं म्हटलंच होतं.

मला धास्ती होती की एवढी लाल शाई बघून पोरं खचतील. झालं उलटंच. अयूबच्या पानावर सगळ्यात जास्त लाल. (अयूब म्हणजे आठवडी बाजारात शिवणमशीन घेऊन बसणाऱ्या नवाब दर्ज्याचा मुलगा.) तो ते पान घेऊन गावभर हिंडला: "देखो, सरने मेरेकू सबसे जादा लिखा!" बाकीची पोरं हिरमुसली. पुढच्या खेपेला जास्त चुका करायच्या की काय, असाही विचार काहींच्या मनात येऊन गेला असावा. मी वेळीच डोळे वटारले.

तुम्ही कोलूच्या पानावर लिहिलंत की उच्चार चुकला की स्पेलिंग चुकतं. मान्य. मी उच्चारांच्याच मागे लागले आहे. 'थिंक' म्हणताना जीभ दातांमध्ये यायला हवी, तुम्ही मला लहानपणी आरशापुढे बसवून शिकवलंत तसं. इथे पंचाईत अशी की मोठ्या माणसापुढे जीभ काढणं म्हणजे वेडावणं. मुलगे हसत हसत काढतात, पण रंभा बाईपुढे आणि आठ पोरांपुढे जीभ काढायला मेली तरी तयार नाही. मी तिला घरी सराव करायला सांगितला. तिसऱ्या दिवशी रामाजी शाळेत हजर. "बाई, हे काय शिकवून राह्यले तुमी? पोरगी आपल्या मायले जीभ दाखवते. इचारलं त म्हनते अभ्यास हाय!" मी रामाजीला समोर बसवलं आणि त्यालाच 'थिंक' म्हणायला लावलं. दोनदा 'टिंक' झालं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग तो स्वतःच खूश होऊन गेला. आता बापलेक दोघं मिळून जीभ काढतात म्हणे, आणि माय दोघांवर ओरडते.

'व्ही'साठी खालचा ओठ वरच्या दाताखाली आला का ते दिसायला हवं, म्हणून नवाबभाऊंच्या दुकानातला आरसा बुधवारपुरता मागून आणते. बाजार त्या दिवशी नसतो.

सोबत नवी नऊ पत्रं.

कमळा


१८ डिसेंबर १९५७

तीर्थरूप भाऊ,

या खेपेला कोलूच्या पानाच्या कडेला तुम्ही जे लिहिलंत ते व्याकरणाचं नव्हतं. त्यानं दंडारीबद्दल लिहिलं होतं, भात निघाल्यावर टोल्यात जो नाच आणि सोंगं होतात ती. तुम्ही विचारलंत, "मग राणीचं काम कोण करतं?" वर्गात हा प्रश्न मी मोठ्यानं वाचला आणि सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. इतके दिवस सर चुका पुसत होते, आज सरांना काहीतरी माहीत करून घ्यायचं होतं. कोलूनं उत्तराला अडीच पानं लिहिली. राणी तोच होतो, हे त्यानं तिसऱ्या पानावर कबूल केलं आहे. क्रियापदांचे काळ सगळीकडे नीट आहेत, एक जागा सोडून. ती मी तशीच ठेवली आहे, तुम्हाला काम राहावं म्हणून.

त्यालाच मी विचारलं, एवढं कसं लिहिलंस? तो म्हणाला, "बाई, सरले मालूम नाई ना. ज्याले मालूम नाई त्याले सांगाले सोपं जाते." मी बी. टी.ला शिक्षणशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांत मला हे कुठे सापडलं नव्हतं.

मला तुमची आठवण येते, भाऊ. सरळच लिहिते. बाबा गेल्यावर तुम्ही मागावर बसून रात्रशाळा केलीत आणि मला एकेक इंग्रजी शब्द शिकवलात. तो उच्चार आज या बांबूच्या तट्ट्याच्या भिंतींच्या शाळेत रंभाच्या तोंडून ऐकते तेव्हा वाटतं, तुम्ही इथे असायला हवं होतं. एवढंच. वहिनींना नमस्कार.

कमळा


१० फेब्रुवारी १९५८

भाऊ,

'तीर्थरूप' आज लिहीत नाही. रागावले आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नऊ पत्रं पाठवली. परत आली नाहीत. शेवटच्या आठवड्यात पुन्हा पाठवली. तीही नाहीत. टपालवाल्याला पोरं रोज आडवी जातात. तो बिचारा आता शाळा टाळून मागच्या पांदीनं जातो.

माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. दोन-अडीच वर्षं काढलीत तशी आणखी काढा, माझं काही म्हणणं नाही. पण पोरांनी तुमचं काय घोडं मारलं? परीक्षा तोंडावर आली आणि तुम्ही दार लावून घेतलंत. मागच्या पत्रात मी जरा मऊ बोलले, त्याचा हा परिणाम समजायचा का? तसं असेल तर ते वाक्य खोडून टाका आणि पत्रं तपासा.

रंभा मला विचारत होती, "बाई, आमच्यानं काई चुकलं का? सर काऊन बोलत नाई?" मी तिला अभ्यास कर म्हणून घरी पाठवलं. सर बोलत नाहीत म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत असूनही.

कमळा


२२ मार्च १९५८

भाऊ,

परीक्षा झाली. ब्रह्मपुरीचं केंद्र होतं. इकडे मोहफुलं पडायला लागली आहेत, सगळा गाव पहाटेपासून झाडांखाली वेचायला जातो, तरी एकाही घरानं पोराला मागे ठेवलं नाही. रामाजी स्वतः रेंगी जुंपून, म्हणजे इथली हलकी बैलगाडी, सगळ्यांना वडशाच्या स्टेशनापर्यंत सोडून आला.

इंग्रजीच्या पेपरहून पोरं परत आली ती उड्या मारतच. व्याकरण सोपं गेलं, उतारा सोपा गेला आणि पत्राचा प्रश्न तर त्यांच्यासाठीच काढल्यासारखा: ओळखीच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला आपल्या गावाचं वर्णन करून सुट्टीत येण्याचं आमंत्रण द्या. मी म्हटलं, वा! कोणाला लिहिलंत?

"सरले," रंभा म्हणाली.

"आमी सबनेच," अयूब म्हणाला.

नऊच्या नऊ जणांनी वरती सावरटोला लिहिलं, आरमोरी लिहिलं, जिल्हा लिहिला. खाली प्रोफेसर सोमाजी निखारे, इतवारी, नागपूर. आणि शेवटी आपापलं नाव, आडनावासकट. तुम्ही जानेवारीपासून उत्तर दिलं नव्हतं ना, म्हणून त्यांनी ठरवलं की आता आमंत्रणच द्यावं. माणूस रुसला की इथे घरी जेवायला बोलावतात.

भाऊ, इथेच घात झाला. पेपरात कुठेही आपलं नाव-गाव लिहायचं नाही हा नियम मी त्यांना सांगितला होता, पण मुखपृष्ठाच्या संदर्भात. पत्राखाली खोटं नाव घाला, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच तर वर्षभर खोटं लिहू नका म्हणून कानीकपाळी ओरडत होते. मी कोलूला विचारलं, इतर शाळांची मुलं पत्राखाली अ. ब. क. लिहितात, गाव काल्पनिक घालतात, तुला शेजारच्या बाकावर दिसलं नाही? तो गंभीरपणे म्हणाला, "दिसलं ना बाई. पन ते नक्कल करनं झालं असतं."

अजून काही आलेलं नाही. कदाचित तपासणारा सोडून देईल. मी देवाला नवस बोलले आहे, आणि तुम्हाला माहीत आहे मी नवस बोलणारी नाही.

कमळा


१९ एप्रिल १९५८

तीर्थरूप भाऊ,

बोर्डाचं पत्र आलं. नऊही जणांचा निकाल राखून ठेवला आहे. नुसतं नाव उघड केलं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी विचारलं आहे की मुख्य परीक्षकाचं नाव आणि पत्ता या शाळेतल्या विद्यार्थ्यांना कसा कळला, आणि शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिकेचं त्यांच्याशी नातं काय.

मुख्य परीक्षक. तुम्ही. मला हे त्या पत्रातून कळलं. मग जानेवारी महिना माझ्या डोक्यात आपोआप उलगडला. नेमणूक झाली, ती गुप्त ठेवायची असते, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांची पत्रं तुमच्यानं तपासवेना. तुम्ही सांगूही शकत नव्हतात. मी मात्र फेब्रुवारीत तुम्हाला वाटेल ते लिहिलं. ते पत्र चुलीत घाला.

आता ऐका. समिती तुम्हाला बोलावणार आहे. ही मुलं माझ्या ओळखीची नाहीत असं तुम्ही सांगितलंत तर तुम्ही सुटाल, त्यात खोटंही फारसं नाही, तुम्ही एकाचं तोंड पाहिलेलं नाही. पण मग पोरांनी परीक्षकाचं नाव कुठून तरी काढून लाडीगोडी लावली असाच अर्थ होईल आणि नऊही जण बुडतील. आणि ओळख आहे असं सांगितलंत, तर पोरांचा खुलासा होईल पण बालंट तुमच्यावर येईल: बहिणीची शाळा, भाऊ परीक्षक. कोष्ट्याच्या पोराला त्या खुर्चीवर बसलेलं पाहून ज्यांच्या पोटात दुखलं असेल त्यांना आयतंच सापडेल.

लाल शाईची सगळी पत्रं पोरांनी जपून ठेवली आहेत. प्रत्येकावर तुमच्या हातची तारीख आहे, शेवटची डिसेंबरातली. ती बोर्डाला दाखवली तर सगळं स्पष्ट होईल. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्यातलं एकही पाठवणार नाही. मी काही मागतही नाही. काय मागावं हेच मला कळत नाही.

पोरांना मी सांगितलं आहे की सर जे खरं आहे तेच सांगतील. रंभानं विचारलं, "पक्कं का बाई?" मी पक्कं म्हणाले. रामाजी दाराशी उभा होता, तो बैल सोडायला निघून गेला.

कमळा


२५ मे १९५८

तीर्थरूप भाऊ,

तीन वर्षांत तुमचा पहिला शब्द आला तो तारेनं. "लाल शाईची पत्रं पाठव. सोमाजी." ती तार आरमोरीहून टपालवाला सायकल हाकत घेऊन आला, आणि तार म्हटल्यावर गावात कोणीतरी गेलं असं समजून बायका रडायलाच लागल्या. मी वाचली आणि मीही रडले, त्यामुळे त्यांची खात्रीच झाली.

समितीपुढे काय झालं ते वहिनींनी कळवलं. तुम्ही म्हणालात, "ही मुलं माझी आहेत. डिसेंबरपर्यंत मी त्यांचं इंग्रजी तपासलं, जानेवारीपासून नाही. मी परीक्षक आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी उत्तर देत नाही एवढंच त्यांना माहीत होतं." मग तुम्ही पत्रं टेबलावर ठेवलीत आणि त्यांच्यासोबत परीक्षकपदाचा राजीनामाही. कोणी मागितला नव्हता. वहिनी लिहितात, नेमणूक झाली त्या दिवशी तुम्ही बाजारातून पेढे आणले होते आणि कारण विचारलं तर नुसते हसलात. भाऊ, मला तुमचा अभिमान वाटतो आणि वाईटही वाटतं. दोन्ही एकदम.

समितीनं न्याय केला. पत्राचा तेवढा प्रश्न नव्यानं, चांद्याला, त्यांच्या माणसासमोर. अट एकच: खरं नाव, खरं गाव कुठेही नको.

आणि तिथेच गाडी अडली. वर्षभर खरं लिहायला शिकवलेल्या पोरांना पंधरा दिवसांत खोटा माणूस उभा करायला कसं शिकवायचं? "प्रिय मित्र" एवढं लिहून लेखण्या थांबायच्या. कोलूनं तर हातच जोडले. "बाई, तो मानूसच नाई, त मंग पत्र कोन वाचनार?" वर त्याच्या आजीचं म्हणणं की नाव-गाव नसलेल्याला घरी बोलावू नये, कोण उठून येईल सांगता येत नाही. त्या म्हातारीनं पोराला ताकीदच दिली होती. मी समजावलं, चिडले, छडीसुद्धा आपटली टेबलावर. रंभा रडवेली होऊन म्हणाली, "माह्यं त सबच गेलं, बाई. बाबा दुसऱ्यांदा नाई बसवत." विडीसाठी तेंदूपत्ता तोडायचे दिवस, घरची माणसं पहाटे रानात जायची, आणि ही नऊ पोरं शाळेच्या ओट्यावर कोऱ्या कागदापुढे बसलेली.

मार्ग शेवटी कोलूनंच काढला. त्याला दोन दिवस ताप होता, उठून आला तो सरळ म्हणाला, "बाई, चांद्याच्या शाळेत गेलो त मले कोनीतरी दोस्त भेटनच ना? तो आज हाय कुठीतरी. मले त्याचं नाव मालूम नाई, त्याले माह्यं नाई. त्याले लिहू का?"

मी म्हटलं, लिही बाबा. लिही.

मग सगळ्यांच्या लेखण्या सुटल्या. रंभानं चांद्याच्या वसतिगृहात जी मुलगी आपल्या शेजारच्या खाटेवर झोपेल तिला लिहिलं, आणि दिवा कितीला मालवतेस हेही विचारलं. अयूबनं लिहिलं ते मुंबईच्या एका शिंप्याला, ज्याच्या दुकानात तो पुढे काम करणार आहे. नऊ जणांचे नऊ न भेटलेले मित्र. इंग्रजीत चुका होत्या, पण मी बघितल्या, तुमच्याइतक्याच कडकपणे. आजीचं समाधान कसं केलंस असं कोलूला विचारलं, तर म्हणाला, "तिले सांगतलं, तो येनारच हाय, फक्त उशीर हाय."

परवा चांद्याला पेपर झाला. चांगला गेला म्हणतात. तुमची नोकरी राहिली, पण तुमचा तो मान गेला, आणि तो आमच्यापायी गेला. मी नुसतं धन्यवाद लिहून कागद वाया घालवणार नाही.

तुमची
कमळा


७ जुलै १९५८

सौ. रुखमा वहिनींस,

नमस्कार. हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण ज्यांना लिहायची सवय झाली होती ते सध्या माझ्याच खाटेवर आडवे होऊन घोरत आहेत. पोचले एकदाचे. पाय सुजले आहेत, प्रकृती उत्तम. तुम्ही बांधून दिलेले लाडू फुटले पण चव तीच.

निकाल तुम्हाला नागपुरातच कळला असेल, तरी माझ्या हातून सांगते. इंग्रजीत नऊच्या नऊ पास. अयूबचं गणित राहिलं, तो म्हणतो, "इंग्लिस में तो निकला ना बाई, हिसाब फिर देखेंगे." कोलू चांद्याला गेला, पत्र्याची पेटी घेऊन. रंभाचा निकाल मी वाचला तेव्हा रामाजी खांद्यावर नांगर घेऊन उभा होता. तो खाली ठेवायचं विसरून तसाच मला विचारत राहिला, "मंग आता पुढची इस्कूल कुठी हाय, बाई? चांद्यालेच हाय का?" मी सांगितलं, हो, कोलूबरोबरच गेली तर बरं होईल. तो म्हणाला, "उद्या नेतो." आणि नेलंही, रोवणा सोडून.

आता भाऊंचं. मला त्यांनी येण्याचं कळवलं नव्हतं, तुम्हीही नाही, वहिनी, तेवढा हिशेब बाकी राहील. काल दुपारी मी नव्या आठवीला शिकवत होते. आमच्या शाळेच्या भिंती बांबूच्या तट्ट्याच्या, बाहेरचं सगळं आत ऐकू येतं. ओट्यावर कोलूची आजी बसली होती. नातू गेल्यापासून ती रोज येऊन बसते, शाळा इथेच आहे ना याची खात्री करून घेत असावी. फाटकाशी कोणीतरी आलं. आजीनं विचारलं, "कोन जी? कोनाचे पाहुने?"

मग कोणीतरी हळू काहीतरी बोललं.

आजीला कमी ऐकू येतं. ती ओरडली, "मोठ्यानं सांगा ना जी! नाव काय, गाव कोनतं? कोनाचे आहा तुमी?"

"सोमाजी," बाहेरून आवाज आला. "नागपूर."

"असन. पन इथी कोनाचे?"

माझ्या हातात खडू होता. फळ्यावर वाक्य अर्धं राहिलं होतं. वर्गातली पोरं माझ्याकडे बघत होती, कारण मी लिहायची थांबले होते. वहिनी, तुम्हाला माहीत आहे, नागपूर सोडताना मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले होते.

"कमळाबाईचा भाऊ," ते म्हणाले.

आजीनं कानाला हात लावला असावा. कारण भाऊंनी पुन्हा सांगितलं, आणि या खेपेला इतक्या मोठ्यानं की तट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, सगळ्या वर्गांना आणि विहिरीवरच्या बायकांनाही ऐकू गेलं:

"कमळाबाईचा भाऊ आहे मी!"

"मंग उभे काऊन?" आजी म्हणाली. "आत जा ना."

तुमची
कमळा